मीटर कोणाच्या नावावर?

घर भाड्याने घेताना बोलणी होतात ती भाड्याची, अनामत रकमेची आणि मुदतीची. दलालाच्या दलालीवरही बरीच घासाघीस होते. विजेचा विषय निघाला तर ‘लाइट बिल वेगळे’ या तीन शब्दांत तो संपतो. पाण्याचा उल्लेखही बहुधा होत नाही. पुढे सहा महिन्यांनी घरमालक आणि भाडेकरू यांचे बोलणे बंद होते तेव्हा कारण शोधू गेल्यास ते भाड्यात क्वचितच सापडते. ते सापडते जिन्याखालच्या लाकडी फळीवर, जिथे एका मुख्य मीटरच्या शेजारी दोन-तीन लहान मीटर ओळीने लटकवलेले असतात, आणि त्यांचे आकडे कोण, कधी, कोणासमक्ष टिपतो हे कोणालाच नीट ठाऊक नसते.

शिक्षक, कारकून, बँकेत नुकताच लागलेला तरुण, परगावी शिकणारा विद्यार्थी या वर्गाचा भाड्याच्या घराशी संबंध आयुष्यातील बरीच वर्षे राहतो. त्याच्या मासिक अंदाजपत्रकात भाडे ही ठरलेली रक्कम असते, पण वीज ही रक्कम ठरलेली नसते आणि ती कशी ठरते हेही त्याला सांगितले जात नाही. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे अस्थानी ठरणार नाही.

या प्रश्नाला आपल्याकडे एक इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जागांची प्रमाणभाडी सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धकाळातील टंचाईवरचा तो उपाय होता, परंतु टंचाई टिकली आणि उपायही टिकला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला असे म्हणावे लागले की, इतका काळ गोठवून ठेवलेली ही भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. एखाद्या वस्तूची किंमत कायद्याने दाबून धरली की तो दाब दुसरीकडून बाहेर पडतो, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. घरभाड्याच्या बाबतीत तो पागडीतून बाहेर पडला. दुरुस्ती थांबवण्यातून पडला, आणि पाणी व वीज तोडण्यातूनही पडला. चाळीतला नळ ‘नादुरुस्त’ होणे किंवा जिन्यातला दिवा महिनोन्महिने न लागणे यामागे प्रत्येक वेळी आळस नसे. जुन्या कायद्यातच अत्यावश्यक सेवा तोडण्यास बंदी करणारे कलम घालावे लागले, यावरून तो प्रकार किती रूढ होता याची कल्पना यावी. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ मध्येही २९ व्या कलमात ती तरतूद कायम आहे. पुरेशा कारणावाचून घरमालकाने पाणी, वीज, जिन्यातील व वाटेतील दिवे, लिफ्ट, साफसफाई यांपैकी काही तोडले किंवा अडवले, तर ते पूर्ववत करून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

आज बहुतेक नवी घरे अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात आणि भाडे बाजारभावाने ठरते. तेव्हा वीज तोडून भाडेकरूला हुसकावण्याची गरज घरमालकाला सहसा उरलेली नाही. पण मीटर स्वतःच्या हातून सोडायचा नाही, ही जुनी सावधगिरी मात्र उरली आहे. भाडेकरूच्या नावाने मीटर झाला की जागा गेली, अशी एक समजूत घरमालकांच्या दोन पिढ्यांनी जपली आहे. वस्तुतः वीजबिलाने मालकी सिद्ध होत नाही. ते फार तर माणूस तेथे राहत होता एवढेच दाखवते, आणि तेवढे तर नोंदलेला करारच दाखवतो.

कायदा या बाबतीत बराच पुढे गेलेला आहे. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या ४३ व्या कलमाप्रमाणे जागेचा ‘मालक किंवा ताबेदार’ यांच्यापैकी कोणीही अर्ज केल्यास वीजपुरवठा करणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. ‘किंवा ताबेदार’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये एका प्रकरणात याहून स्पष्ट सांगितले: वीज ही मूलभूत सुविधा आहे, घरमालकाने ना-हरकत पत्र दिले नाही एवढ्या कारणासाठी भाडेकरूला ती नाकारता येणार नाही, आणि अर्जदाराचा जागेवर ताबा आहे की नाही एवढेच वीजपुरवठा करणाऱ्याने पाहायचे आहे. तरीही कार्यालयाच्या खिडकीवर पहिली मागणी ना-हरकत पत्राचीच होते, हा अनुभव अनेकांना असेल. अकरा महिन्यांनी जागा सोडणारा भाडेकरू या कामी चपला झिजवीत बसत नाही. तो मुकाट्याने सबमीटर स्वीकारतो.

आणि येथेच खरे अर्थशास्त्र सुरू होते.

विजेचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. महावितरणच्या दरपत्रकात पहिली शंभर युनिटे सर्वांत स्वस्त, त्यापुढे तीनशेपर्यंतचा टप्पा बराच महाग आणि पाचशेच्या वर आणखी महाग अशी रचना आहे. कमी वापरणारे कुटुंब बहुधा कमी उत्पन्नाचे असते, म्हणून त्याला कमी दर, हा यामागचा हेतू. परंतु हा हेतू एका गृहीतावर उभा आहे: एक मीटर म्हणजे एक कुटुंब. भाड्याच्या घरांत हे गृहीतच कोसळते.

एक उदाहरण घेऊ. दर वारंवार बदलतात, म्हणून येथे हिशेबाच्या सोयीचे आकडे धरतो. पहिल्या शंभर युनिटांना ५ रुपये आणि पुढच्या दोनशेंना १२ रुपये असा दर समजा. वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक महिन्याला २१० युनिटे वापरतात आणि खालच्या दोन खोल्यांत राहणारे शिक्षक ९० युनिटे. दोघांचे मीटर स्वतंत्र असते तर शिक्षकांचे बिल ४५० रुपये आणि मालकांचे १,८२० रुपये, म्हणजे एकूण २,२७० रुपये झाले असते. मीटर एकच असल्यामुळे कंपनीच्या लेखी हे ३०० युनिटे वापरणारे एक कुटुंब ठरते आणि बिल येते २,९०० रुपये. ६३० रुपये केवळ मीटर एक असल्यामुळे वाढले. दुसऱ्या जोडणीचा स्थिर आकार वाचतो हे खरे, परंतु तो सव्वाशे-दीडशे रुपये धरला तरी हा व्यवहार तोट्याचाच राहतो.

आता हे २,९०० रुपये युनिटांच्या प्रमाणात वाटू. वरकरणी याहून न्याय्य वाटप नाही. प्रत्येक युनिट सुमारे ९ रुपये ६७ पैशांना पडते. शिक्षकांना ८७० रुपये द्यावे लागतात आणि मालकांना २,०३०. म्हणजे वाढीव ६३० रुपयांपैकी ४२० रुपये कमी वापरणाऱ्याच्या वाट्याला आले आणि २१० जास्त वापरणाऱ्याच्या. शिक्षकांचे बिल जवळजवळ दुप्पट झाले, आणि कोणी लबाडी केलेली नाही! दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही गरीबासाठी ठेवलेली सवलत प्रमाणशीर वाटपाच्या चाळणीतून गळून गेली.

लबाडी असेल तर हिशेब आणखी सोपा होतो. ‘आमच्याकडे सरसकट बारा रुपये युनिट’ असे सांगणारे घरमालक शहरोशहरी आहेत. बारा रुपयांचा दर बिलावर छापलेला दाखवताही येतो, कारण तो शेवटच्या टप्प्याचा दर असतो. वरील उदाहरणात शिक्षकांकडून १,०८० रुपये वसूल होतील आणि मालकांचे स्वतःचे २१० युनिटांचे बिल १,८२० रुपयांवर राहील. एकत्र मीटरमुळे वाढलेला प्रत्येक पैसा भाडेकरूने भरला. अनेक खोल्या देणाऱ्या मालकाला याहून पुढे जाऊन नफाही काढता येतो. परवान्याशिवाय विजेचे वितरण किंवा व्यापार करण्यास विद्युत अधिनियमाच्या १२ व्या कलमाने मनाई आहे. माझ्या मते खर्चाएवढी भरपाई घेणे वेगळे आणि त्यावर नफा घेणे वेगळे, व दुसरा प्रकार या मनाईच्या फार जवळ जातो. पण चारशे-सहाशे रुपयांसाठी न्यायालयात कोण जाणार? अन्यायाची रक्कम लहान असली की तो टिकाऊ होतो.

न्याय्य हिशेब अशक्य मात्र नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र मीटर असता तर जे बिल आले असते ते आधी काढावे, आणि वाढीव रक्कम ज्याने मीटर एकच ठेवण्याचा निर्णय घेतला त्याने सोसावी. असा हिशेब मांडल्यास स्वतंत्र मीटरचा अर्ज घरमालक स्वतःहून करतील अशी माझी खात्री आहे. किंमत निर्णय घेणाऱ्याच्याच खिशातून गेली की शहाणपणास उशीर लागत नाही.

सवलतीच्या योजनांत हा प्रश्न अधिक ठळक दिसतो. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून दरमहा दोनशे युनिटांपर्यंत वीज मोफत झाली. एका मीटरवर चार बिऱ्हाडे असलेल्या घरातील भाडेकरूला तिचा उपयोग शून्य, हे लगेच ध्यानात आले आणि त्याच वर्षी भाडेकरूंसाठी घरमालकाच्या संमतीवाचून वेगळा प्रीपेड मीटर देण्याची योजना तेथे काढावी लागली. कर्नाटकाने २०२३ मध्ये ‘गृहज्योती’ आणली तेव्हा भाडेकरूंचा समावेश त्यात केला. दिलेली सवलत कोणाच्या हातात पडते हे शेवटी मीटरच ठरवतो. आपल्याकडील टप्प्यांच्या दरांतही एक सवलत दडलेली आहे. ती उघडपणे ‘मोफत’ म्हणून दिली जात नसल्यामुळे गेल्याचे दुःखही कोणाला होत नाही, एवढाच फरक.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण भाडेकरू नेहमी साधू आणि घरमालक नेहमी सावकार अशी वाटणी मला मान्य नाही. पुण्याच्या पेठांतून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना खाटेच्या हिशेबाने जागा देणारे अनेकजण भाड्यातच वीज धरतात. तेथे दिवसभर पंखे आणि दिवे चालू राहतात, आणि खोलीत कोणी नसते. ज्याचे मोल वेगळे द्यावे लागत नाही त्याची उधळपट्टी होते, मग वापरणारा अर्थशास्त्राचा पदवीधर का असेना. याउलट बिल भाडेकरूने भरायचे असते तेथे उधळपट्टी करतो घरमालक, पण वेगळ्या प्रकारे. पंखे, गीझर, वातानुकूलन यंत्र हे सारे तो निवडतो आणि त्यांची वीज भाडेकरू भरतो. साहजिकच तो बाजारातील सर्वांत स्वस्त वस्तू बसवतो. जुन्या धाटणीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिटे. नव्या बीएलडीसी पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात. तेवढ्याच वापरात जेमतेम ११ युनिटे. फरक महिना सोळा युनिटांचा. युनिटाला आठ रुपये आणि नव्या पंख्याची किंमत दीड हजारांनी जास्त धरली, तर ती वसूल व्हायला साडेअकरा महिने लागतात. करार अकरा महिन्यांचा! तेव्हा भाडेकरूही तो पंखा घेणार नाही. छतावरील पंख्यांना कार्यक्षमतेचे तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे, पण ते तारे विकत घेणाऱ्याला दिसतात. भाड्याने घर पाहायला आलेल्याला पंखा फिरतो की नाही एवढेच पाहायची सवय असते.

मोडलेला गीझर कोणी दुरुस्त करायचा, हा वादही जुनाच. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्याच्या परिशिष्टात भिंतीतील व बाहेरील वायरिंग आणि नळाचे पाइप घरमालकाकडे, तर गीझर, बटणे, सॉकेट व नळाचे वायसर यांची दुरुस्ती भाडेकरूकडे अशी विभागणी आहे. तो मसुदा राज्यांवर बंधनकारक नाही. तरी करार लिहिताना त्यातली यादी समोर ठेवण्यास कोणाची हरकत नसावी.

सबमीटरविषयी व्यावहारिक माहिती फारच थोड्यांना असते, म्हणून थोडे विषयांतर करतो. कंपनीच्या मीटरवर तिचे सील असते आणि शंका आल्यास शुल्क भरून त्याची तपासणी करून घेता येते. सबमीटर दुकानातून विकत आणलेला असतो. त्याला कोणाचे सील नाही आणि त्याची तपासणी करण्याचे कोणाचे कर्तव्यही नाही. मात्र ती घरी करता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकेल हे मीटरवरच छापलेले असते. समजा तो आकडा ३२०० आहे. घरातील सर्व बटणे बंद करून केवळ पाणी तापवण्याचा एक हजार वॅटचा रॉड बादलीत लावावा. तासाला एक युनिट जाणार, म्हणजे मिनिटाला सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. विजेचा दाब कमीजास्त असल्यास थोडा फरक पडेल, पण सत्तर-ऐंशी आकडा आला तर मालकांना बोलावून दाखवावे. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. आपला मुख्य स्विच बंद करावा. लुकलुक थांबली पाहिजे. ती चालूच राहिली तर मीटर आणि मुख्य स्विच यांच्या मध्येच कोणी तार जोडलेली असण्याचा संशय येतो, मग ती जिन्यातल्या दिव्याची असो की पंपाची.

बिल मालकाच्या नावावर असल्याने आणखी दोन गुंते होतात. पहिला थकबाकीचा. भाडेकरू दरमहा रोख पैसे देतो, मालक ते कंपनीकडे भरत नाही, आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर अंधार होतो तो भाडेकरूच्या खोलीत. उलट भाडेकरू बिल बुडवून निघून जातो आणि थकबाकी जागेला चिकटून मालकाकडे किंवा पुढच्या भाडेकरूकडे येते. मागील धारकाची थकबाकी नव्या जोडणीसाठी अट म्हणून मागता येते का, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये निर्णय दिला. तशी तरतूद नियमांत असेल तर मागता येते, असा त्याचा आशय. तेव्हा स्वतंत्र मीटर असेल तर ग्राहक क्रमांक घेऊन बिल परस्पर भरावे आणि पावती मालकाला पाठवावी. यात दोघांचेही हित आहे. घरगुती मीटरवर भाडेकरूने दुकान किंवा कारखाना थाटला, तर अधिनियमाच्या १२६ व्या कलमाखाली अनधिकृत वापराची दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, हेही घरमालकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा गुंता वर्षातून एकदा येतो. नेहमीच्या बिलाबरोबर ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ अशा मथळ्याचे वेगळे बिल हाती पडते. मागील वर्षाच्या सरासरी वापरावरून कंपनी ठेवीची रक्कम वाढवून मागते. भाडेकरू ते वीजबिलच समजून भरतो. वास्तविक ती ठेव मालकाच्या खात्यावर राहते, तिच्यावरील व्याजही त्याच्याच बिलात वळते होते, आणि भाडेकरू गेल्यावरही ती तेथेच असते. ती मालकानेच भरावी, किंवा भाडेकरूने भरल्यास घराच्या अनामतीत जमा धरून सोडताना परत करावी. माझ्या परिचयातील निम्म्या लोकांना या दोन बिलांतला फरक माहीत नव्हता.

पाण्याचे काय, असे कोणी विचारील. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सदनिकेतील नळांची संख्या आणि आकार यांवरून पाणीपट्टी वाटावी असे म्हटले आहे. म्हणजे एकटी राहणारी निवृत्त शिक्षिका आणि सहा विद्यार्थ्यांनी भरलेली शेजारची सदनिका यांचे नळ सारखे तर बिलही सारखे. भाडेकरू ठेवणाऱ्या सदस्याकडून संस्था ना-वास्तव्य शुल्क घेते, त्याला ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. त्या शुल्काचा पाण्याच्या वापराशी संबंध नाही. तरीही पाणी जास्त जाते हेच त्याचे कारण म्हणून संस्थेच्या सभांतून हमखास ऐकू येते.

उपाय मोठे नाहीत. १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने प्रत्येक भाडेकराराची नोंदणी सक्तीची केली आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदलेला लेखी करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे विजेचा तोंडी ठरवलेला दर मालकालाच अडचणीत आणू शकतो. ही नोंदणी आता संगणकावर होते. तिच्या नमुन्यातच चार रकाने वाढवावेत: मीटरचा क्रमांक, ताबा देण्याच्या दिवशीचा आकडा, मीटर स्वतंत्र की सबमीटर, आणि सबमीटर असल्यास आकारणीची रीत. दुसरे काम राज्य वीज नियामक आयोगाचे आहे. निवासी सबमीटरवर वसूल करावयाच्या रकमेची कमाल मर्यादा, तेवढाच वापर स्वतंत्र मीटरवर झाला असता तर आलेले बिल, अशी त्याने ठरवून द्यावी. स्मार्ट मीटरांवरून राज्यात २०२४ मध्ये बराच गदारोळ झाला. तो मुख्यतः प्रीपेडच्या भीतीचा होता. पण रोजचा आकडा दूरवरून वाचता येणारा मीटर भाडेकरूच्या हिताचा आहे, कारण जागा सोडण्याच्या दिवशीचे नेमके बिल त्यातून काढता येते. आज होते असे की, वाचन बारा तारखेला, बिल वीस तारखेला आणि भाडेकरू तीसला निघालेला. मधल्या अठरा दिवसांसाठी अनामतीतून हजार रुपये ‘अंदाजे’ कापले जातात आणि उरलेले परत करण्यासाठी पुढे कोणी फोन करीत नाही.